घर असलं की अडलंच

विड्या वळता वळता अक्कांनी विचारलं, "कायद्यानं कर्ज माफ होतं म्हणे?" होतं, पण कागदावर. 2016 च्या दिवाळखोरी संहितेत गरिबांसाठी 'नवी सुरुवात' आहे: वार्षिक उत्पन्न 60,000, मालमत्ता 20,000, कर्ज 35,000 रुपयांपर्यंत, आणि स्वतःचं घर नसावं. कुंभारीच्या रे नगर वसाहतीत जानेवारी 2024 मध्ये कष्टकऱ्यांना 15,000 घरं मिळाली. म्हणजे छप्पर आलं की पात्रता गेली! तसंही 'नवी सुरुवात'चं प्रकरण अजून लागूच नाही.

उरतो 1920 चा दिवाळखोरी कायदा. त्यात सगळ्या सावकारांची यादी द्यावी लागते. फायनान्सवाल्यांची पासबुकं आहेत, हातउसन्याचा कागद कुठून आणायचा? शिवाय कर्जगटातल्या बायकांनी एकमेकींची हमी घेतलेली. अर्ज अक्कांचा, तगादा बाकीच्यांना. कोर्टात गेलेल्या दिवसाची मजुरी बुडणार ती वेगळीच.

स्वयंपाकाची भांडी, कारागिराची अवजारं जप्त होत नाहीत, एवढं सांगितल्यावर त्या जरा सैलावल्या. उद्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचं. तिथे बायकांना वकील मोफत, उत्पन्नाची अटही नाही. आधी आधार कार्डावरचं आणि पासबुकातलं नाव जुळवायला हवं.