तंबू गळला नव्हता

उर्दूत खेमा, मराठीत तंबू आणि गावाबाहेर उतरणाऱ्या भटक्यांचं ते पाल. हे तिन्ही शब्द मी वर्गात शिकवते. तंबूच्या कापडाची ओळख मात्र शाळेच्या शिबिरात झाली.

पावसाळा सरता सरता आम्ही आठवीच्या मुलींना दोन रात्रींसाठी सह्याद्रीच्या पायथ्याशी नेलं. यांच्या घरून परवानगी मिळवायला महिनाभर उंबरे झिजवावे लागले होते. पहिल्या रात्री पाऊस पडला नाही, तरी सकाळी चादरी ओल्या. "टीचर, तंबू गळतो!" घरी फोन गेले. एका मुलीचे अब्बा तिला न्यायला निघालेसुद्धा. ती एक गेली असती, तर तिच्यामागे दहा जणी गेल्या असत्या. आणि पुढच्या वर्षी शिबिराचं नावही कुणी काढलं नसतं.

तंबू हलक्या पॉलिस्टरचा होता, आतून पॉलियुरेथेनचा लेप. लेबलवर लिहिलं होतं 3000 मिलिमीटर. म्हणजे या कापडावर तीन मीटर उंचीएवढ्या पाण्याचा दाब पडेपर्यंत ते झिरपू देत नाही. मग पाणी आलं कुठून? आमच्याच श्वासातून. झोपेच्या आठ तासांत एक माणूस श्वासातून आणि त्वचेतून साधारण पाव लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर टाकतो. तंबूत मुली चार, म्हणजे लिटरभर. पहाटे कापड गार पडतं आणि वाफेचे थेंब होतात. जो लेप पाऊस बाहेर अडवतो, तोच वाफ आत कोंडतो.

जुन्या सुती कॅनव्हासचं तसं नव्हतं. कोरडा असताना त्यातून हवा खेळते. भिजला की धागे फुगतात आणि फटी बुजतात. अरबस्तानातल्या बदूंचा बैतुश्शअर, म्हणजे केसांचं घर, शेळीच्या केसांनी विणलेला असतो. तोही असाच वागतो. पण ते ओझं पाठीवर कोण नेणार? वाफ बाहेर सोडणारी महागडी हलकी कापडंही मिळतात. मात्र बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तरच ती नीट काम करतात. आपल्याकडे पावसाळ्यात बाहेरची हवाच ओलीचिंब.

अब्बा पोहोचले तेव्हा आम्ही तंबूच्या समोरासमोरच्या खिडक्या उघडून बांधत होतो. बाहेरचं आवरण ताणून आतल्या जाळीपासून सुटं केलं, ओले कपडे बाहेर काढले. मी त्यांना लेपाची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "एक रात बघू." दुसऱ्या सकाळी कापडाला थोडा दमटपणा होता, पण चादरी कोरड्या होत्या.

परतताना त्यांची मुलगी मला म्हणाली, "टीचर, आमच्या घरी पण पाऊस नसताना वरून थेंब पडतात." त्यांच्या पत्र्याखाली ताडपत्री आहे. गळतं असं समजून अब्बा दर वर्षी आणखी एक थर लावतात. चूल आत, माणसं सहा, आणि धाकट्याला दमा.

अब्बांनी लगेच विचारलं, "फट ठेवली तर पाऊस नाही का येणार?"

मी म्हटलं, वर ठेवा, पागोळीच्या आत, वाऱ्याच्या उलट बाजूला. आणि समोरच्या भिंतीत दुसरी. एकीने हवा येईल, दुसरीने वाफ जाईल.