डाळ शिजेना, तिथून

मीरा-भाईंदरला तीन बाजूंनी खारं पाणी आहे. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, नैर्ऋत्येला गोराई-मनोरीची खाडी. चौथ्या बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि त्यातून उतरणारी चेणे नदी. पावसाळ्यात इथे दोन मीटरहून जास्त पाऊस पडतो, तरी २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर गेलेलं हे शहर उल्हास नदीच्या पाण्यावर जगत आलंय. पालघर जिल्ह्यातल्या सूर्या धरणाच्या योजनेतून रोज २१८ दशलक्ष लिटर पाणी शहराच्या वाट्याला यायचं ठरलंय. नळाचं पाणी पुरत नाही तेव्हा सोसायट्या टँकर मागवतात. टँकर कुठल्या विहिरीवर, कुठल्या बोअरवर भरला, हे आम्ही मीरा रोडकर विचारत नाही. टाकी भरली की प्रश्न मिटला.

मी भाईंदरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिसऱ्या वर्षाची मुलं दरवर्षी बाटलीबंद पाण्याचे चार ब्रँड तपासून प्रकल्प सादर करायची. एका वर्षी मी म्हटलं, ज्या जमिनीवर आपण राहतो तिच्या पोटातलं पाणी तपासूया. चेण्यापासून सुरुवात करू आणि डोंगरी-उत्तनच्या विहिरींपर्यंत जाऊ. हे काम दोन बॅचना पुरलं.

चेण्याला आम्ही उद्यानाच्या हद्दीबाहेर, दगडांतून पाणी खळाळत येतं तिथून पहिला नमुना घेतला. दुसरा घोडबंदर रस्त्याच्या पुलाखाली, तिसरा खाडीच्या तोंडाशी. पाण्यातला प्राणवायू मोजायची विंकलरची पद्धत जुनी आहे, पण मला तीच आवडते, कारण तिच्यात सगळं डोळ्यांना दिसतं. काठोकाठ भरलेल्या बाटलीत मँगनीजचं द्रावण आणि आयोडाइड घातलेला अल्कली सोडायचा, हवेचा एकही बुडबुडा आत राहू न देता बूच लावायचं आणि बाटली उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. वरच्या बाटलीत तो इतका गडद धरला की मुलं ओरडलीच. पुलाखालच्या बाटलीत तो फिका होता. खाडीच्या तोंडाशी, ओहोटीच्या वेळी घेतलेल्या बाटलीत तो जवळजवळ पांढरा बसला. २७-२८ अंश तापमानाला गोड्या पाण्यात लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, आणि मासे जगायला निदान ४ लागतो असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष सांगतात. आगरी कुटुंबातली एक विद्यार्थिनी ती पांढरी बाटली बराच वेळ हातात धरून उभी होती. तिचे आजोबा त्याच खाडीत बोय आणि निवटे धरायचे.

त्याच जागी भरतीला घेतलेल्या नमुन्यात प्राणवायू बराच बरा निघाला आणि खारटपणा कैक पटींनी वाढलेला. त्या दिवशी मुलांना जे कळलं ते मी फळ्यावर किती वेळा सांगितलं असतं तरी कळलं नसतं. भरती-ओहोटीची वेळ लिहिलेली नसेल तर खाडीच्या नमुन्याला काही अर्थ नाही. भाईंदरच्या रेल्वे पुलाजवळ राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं नमुना घ्यायचं ठिकाण आहे. तिथले आकडे वाचताना मी आता आधी त्या दिवशीची तिथी शोधते.

विहिरींचं काम जास्त अवघड होतं. ओढा वाहताना दिसतो, भूजल दिसत नाही. इथला बराचसा खडक बेसाल्ट आहे, उत्तन-मनोरीच्या अंगाला ट्रॅकाइट. दोन्ही घट्ट. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, म्हणजे साठा तसा थोडाच. त्यात किनाऱ्याला गोडं पाणी हलकं म्हणून वर आणि समुद्राचं जड म्हणून खाली, अशी मांडणी असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बादोन गायबेन या डच आणि १९०१ मध्ये हर्झबर्ग या जर्मन अभियंत्याने तिचं गणित मांडलं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. उलट वरची पातळी उपशाने १ मीटर उतरली, तर खालचं खारं पाणी ४० मीटर वर सरकू पाहतं. हे गणित सलग वाळूचं आहे. भेगांच्या खडकात ते असं सरळ चालत नाही. एक विहीर गोडी आणि हाकेच्या अंतरावरची मचूळ, हे आम्ही डोंगरीत पाहिलं.

तिथेच एक आजी भेटल्या. चर्चकडे जाणाऱ्या वाटेवरच्या वाडीत त्यांची विहीर, कठड्याला दोरांच्या घळी पडलेल्या. आमच्या हातात चालकता मोजायचं मीटर होतं. आकडा थोडासाच वाढलेला होता, पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेत बसेल असा. पाणी चांगलं आहे, असं मुलं सांगणार तेवढ्यात आजी म्हणाल्या, "चांगलं कसलं बाय? दोन वर्सं झाली, यात डाळ शिजत नाय. साबणाला फेस नाय. मीठ अजून लागत नाय जिभेला, पन लागंल."

मी मुलांना तिथेच थांबवलं. कॉलेजात परतल्यावर त्या पाण्याचा कठीणपणा काढला. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असेल तर निर्देशक टाकल्यावर द्राक्षासवासारखा लाल रंग येतो आणि ब्युरेटमधून इडीटीए थेंब थेंब सोडत गेलं की एका थेंबाला तो निळा होतो. शेजारच्या विहिरीचं पाणी लवकर निळं झालं. आजींच्या विहिरीचं होईना. ब्युरेट उतरतच राहिली.

कारण शास्त्रात नोंदलेलं आहे. खारं पाणी गोड्या थरात शिरायला लागतं तेव्हा त्यातलं सोडियम मातीच्या कणांना चिकटतं आणि कणांना धरून बसलेलं कॅल्शियम पाण्यात सुटतं. त्यामुळे आत शिरणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या आघाडीला कठीणपणा चालतो. जिभेला खारट लागायच्या आधी डाळ टणक राहते. आजींनी जे चुलीवर ओळखलं ते आमच्या मीटरच्या एका आकड्यात दिसलं नव्हतं. त्यानंतर प्रत्येक विहिरीवर आमचा पहिला प्रश्न ठरला: डाळ शिजते का, आणि कधीपासून शिजत नाही? नोंदवहीत त्यासाठी वेगळा रकाना केला. माझ्या मते तो आमच्या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा रकाना आहे.

पण पाण्यातलं क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश, वाढलं की दर वेळी समुद्रालाच दोष देता येत नाही. सांडपाण्यातही क्लोराइड असतं, कचऱ्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्यातही असतं. उत्तनच्या धावगी डोंगरावरच्या कचऱ्याचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेला, त्यामुळे गावात जो तो तिकडे बोट दाखवायचा. त्यांचा राग मला समजतो, पण विहीरवार पुरावा हवा. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड आणि ब्रोमाइड यांचं प्रमाण ठरलेलं असतं, वजनाने साधारण २९० ला १. सांडपाण्यात हे प्रमाण बहुधा त्याहून जास्त भरतं, शिवाय सोबत नायट्रेट येतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर नको, आणि भारतीय मानकात त्यावर सूट नाही. ब्रोमाइड मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेने ते मोजून दिलं. आजींच्या विहिरीत समुद्र निघाला. वस्तीतल्या दुसऱ्या एका विहिरीत मात्र समुद्राचा मागमूस नव्हता. तिथे नायट्रेट होतं, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला एका घराचा शोषखड्डा होता.

त्या विहिरीसाठी आम्ही पट्टीची चाचणी केली. १९८२ मध्ये मंजा आणि त्यांच्या ग्वाल्हेरच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. रसायनात भिजवून वाळवलेला कागद बाटलीत ठेवायचा, पाणी भरायचं, उबदार जागी ठेवायचं. विष्ठेतले जिवाणू असतील तर पाणी काळं होतं. महागडं काही लागत नाही. बाटली आम्ही मुद्दाम वाडीतल्याच एका ओट्यावर ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी. दुसऱ्या दिवशी ती शाईसारखी काळी झाली होती. शोषखड्ड्याच्या घरची सून स्वतःहून पुढे आली आणि विचारू लागली की खड्डा किती लांब हलवला तर चालेल. उतार आणि भेगा पाहिल्याशिवाय अंतर सांगता येत नाही, हे तिला समजावताना मला फार जड गेलं. तिला उत्तर हवं होतं आणि ते तिला मिळायला हवं होतं. शेवटी भूवैज्ञानिक असलेल्या एका स्नेह्याला घेऊन गेलो आणि खड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला घ्यायचं ठरलं.

मला राग येतो तो बुजवलेल्या विहिरींचा. नवघर, गोडदेव, काशी या जुन्या गावठाणांतली म्हातारी माणसं विहिरींच्या जागा अजून दाखवतात: इथे, या पार्किंगखाली. विहीर बुजली की पाणी जातंच, शिवाय त्या जागी जमिनीखाली काय चाललंय हे पाहायचं भोकच बंद होतं. बोअर शंभर मारा, त्यात डोकावता येत नाही. गावच्या प्रत्येक उघड्या विहिरीची पातळी आणि चव वर्षातून चार वेळा, तिथी आणि भरतीची वेळ टाकून लिहून ठेवली, तर वीस वर्षांनी या शहराकडे असं काही असेल जे कुठल्याही सल्लागाराला विकत देता येणार नाही. त्याला मीटर, वही आणि दोरी एवढंच लागतं.

निकाल आम्ही वाडीत बसून वाचून दाखवले, आकडे कमी आणि अर्थ जास्त. बायकांनी तिथल्या तिथे ठरवलं की वरच्या अंगाच्या विहिरीचं पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला, आजींच्या विहिरीचं धुण्याला आणि झाडांना, आणि होळीपासून पाऊस पडेपर्यंत त्या विहिरीवर पंप लावायचा नाही. पंपाच्या अटीला एका भाजीवाडीवाल्याने जोरात हरकत घेतली. त्याची वांगी मेमध्येच पाणी मागतात, आणि बाजूच्या बंगल्याची बोअर दिवसभर चालते तिला कोण विचारणार, असा त्याचा सवाल होता. तो रास्त होता. बंगल्याच्या मालकाशी बोलायला आजी आणि तो, दोघं मिळून जाणार आहेत. मी त्यांना विहिरीच्या पातळीचा आलेख मोठ्या कागदावर काढून दिलाय.