कासरा धरणारा हात

मोठ्या, कमावत्या माणसानं घोडा व्हायचं, आणि तेही नातवाला पाठीवर घेण्यासाठी नव्हे. तोंडात लगामाची कडी, छातीवरून चामड्याचे पट्टे, पायांत खुरांच्या आकाराचे बूट. दुसऱ्या मोठ्या माणसानं लगाम धरून त्याला चालवायचं, दौडवायचं, कधी हलक्या दोनचाकी गाडीला जुंपायचं. युरोप-अमेरिकेत याला ‘पोनी प्ले’ म्हणतात. कुणासाठी त्यात कामभावना असते. कुणाला फक्त तासभर निर्णय घेण्यापासून सुटका हवी असते.

आमच्या पिंपळगाव राजात हे कुणाला सांगितलं तर पहिल्यांदा हसू येईल, मग ‘काय येडे लोक हाय बाप्पा’ हे वाक्य येईल. पण माणसानं जनावर होणं आपल्याला इतकं परकं आहे का? जेजुरीच्या खंडोबाचे वाघे स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवत. कोटंब्यात घातलेलं अन्न ते भुंकत, कुत्र्यासारखं खात, आणि बघणारे हात जोडत. गोव्यात सत्तरी-डिचोलीकडे शिगम्यात घोडेमोडणी होते. कमरेला घोड्याचा सांगाडा बांधून, हातात तलवार घेऊन गडी ढोल-ताशावर नाचतात. तिथला माणूस घोडाही असतो आणि स्वारही, त्यामुळे लगाम त्याच्याच हातात राहतो. वाघ्याचं तसं नव्हतं.

वाघ्यांपैकी कित्येकांना कुणी विचारलेलंच नव्हतं. मूल होत नाही, झालं तर जगत नाही, म्हणून आईबाप मूल खंडोबाला वाहण्याचा नवस बोलत. मुलगा झाला की वाघ्या, मुलगी झाली की मुरळी. पाळण्यातल्या पोराचं आयुष्य दुसऱ्याच्या तोंडून ठरून जायचं. मुरळी सोडण्याविरुद्ध समाजसुधारकांनी झुंज दिली, १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी प्रतिबंधाचा कायदा झाला, आणि २००५ साली महाराष्ट्राला पुन्हा नवा कायदा करावा लागला. मला वाटतं, माणसानं भुंकण्यात किंवा खिंकाळण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ‘नको’ म्हणायची सोय न ठेवता कुणाला भुंकायला लावणं, ही लाजेची गोष्ट.

म्हणून पोनी प्लेचा विचार करणाऱ्यानं बूट आणि पट्टे नंतर बघावेत. कासरा कुणाच्या हाती देतोय, ते आधी बघावं.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी होते. जिथं वर्षभर जू घासतं तिथले केस झडलेले असतात, कातडी जाड, राखाडी झालेली असते. तिथं हळद-तूप लावून हात हळूहळू फिरवायचा. बैल आधी अंग आक्रसतो, मग मान खाली सोडतो. दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण त्याच्या कानात सांगायचं. बैलाला जुंपताना आपण त्याची परवानगी घेत नाही, हे खरंच आहे. पण ज्याच्या हाती कासरा, त्यालाच खांद्याची काळजी, एवढं तरी शेतकऱ्याला न शिकवता कळतं. माणसाला जुंपणाऱ्याला परवानगीही घ्यायची आहे आणि खांदाही बघायचा आहे.

ही परवानगी एकदाच घेऊन भागत नाही. तोंडात कडी असली की माणसाला ‘थांब’ म्हणता येत नाही, हे कित्येकांच्या आयत्या वेळी लक्षात येतं. म्हणून मुठीत घुंगरू किंवा छोटा चेंडू द्यायची पद्धत आहे. तो खाली पडला की खेळ तिथल्या तिथे बंद, कारण नंतर विचारायचं. गळ्याला ओढ बसेल असं काही बांधायचं नाही. हाताला मुंग्या आल्या की पट्टा सोडायचा, आणि तो चटकन कापता येईल अशी कात्री हाताशी ठेवायची. पाठीवर बसण्याचा हट्ट सोडून द्यावा. माणसाचा कणा मोठ्या माणसाचं ओझं वाहायला घडलेला नाही, गुडघे तर नाहीच नाही. आणि आमच्या भागातल्या मे महिन्यात चामड्याचं बंद शिरस्त्राण घालून कुणी धावू नये, दवाखान्यात सांगताना पंचाईत व्हायची.

कायद्याचंही माहीत असलेलं बरं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम २५ आहे. अठरा वर्षांवरच्या माणसानं संमती दिली असेल आणि मृत्यू किंवा गंभीर दुखापत करण्याचा हेतू नसेल, तशी शक्यता ठाऊकही नसेल, तर झालेली इजा गुन्हा ठरत नाही. कलम २८ मात्र जास्त नीट वाचावं. भीतीपोटी, गैरसमजातून, किंवा आपण कशाला हो म्हणतोय हेच कळत नाही अशा नशेत दिलेला होकार संमती मानला जात नाही. संसार मोडेल या धाकानं बायकोनं किंवा नवऱ्यानं मान डोलावली, तर ती मान कशानं डोलली ते आपल्याला कळायला हवं. बाकी, चार भिंतींआडच्या खासगीपणाला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली मूलभूत हक्क म्हटलं आहेच. पण न्यायालय आपल्या हातातला मोबाइल काढून घेत नाही. गावाकडे एक फोटो बाहेर गेला की तो खामगावच्या बाजारात पोचायला संध्याकाळ लागत नाही. फोटो काढूच नयेत, हे माझं मत. काढलेच तर चेहरा नको.

आणि हा काही आजार आहे का? २०२२ पासून लागू असलेली जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी तसं मानत नाही. दोन्ही माणसं राजी असतील, कुणाला त्रास वा इजा नसेल, तर नुसत्या वेगळ्या आवडीला विकार म्हणत नाहीत. पण दुःख विसरायला कुणी घोडा होत असेल, तर खेळ संपल्यावर दुःख दारात उभं असतंच. त्यासाठी समुपदेशक गाठावा.

यातलं बरंच मला गावच्या एका मित्राकडून कळलं. तो पुण्यात असतो, पोळ्याला गावी येतो. त्यांच्या खेळात घोडा तोच होतो, लगाम जोडीदारणीच्या हाती. गोठ्याच्या मागे उभं राहून, इकडेतिकडे बघत त्यानं सांगितलं. मी विचारलं, सगळं उतरवल्यावर काय?

“पाणी देते. खांदे चोळून देते. मंग अर्धा तास आम्ही काहीच बोलत नाही.”

“आणि तुला नकोसं झालं तर?”

“मागच्याच आठवड्यात झालतं. पाठ धरली होती. म्हनलं, आज नाही.”

“मग?”

“मंग काय, सिनेमा पाह्यला.”