दुसरी तार

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दहावीचे अर्ज भरण्याचा अगदी शेवटचा दिवस, आणि नेमकी त्याच दिवशी आमच्या शाळेतल्या एका उंदराने कार्यालय आणि संगणक-खोली यांच्यामधली तार कुरतडली. इंटरनेट येते कार्यालयात, संगणक सगळे व्हरांड्यापलीकडे. राहिलेले अर्ज शिपायाच्या फोनवरून कसेबसे भरले. पण त्याच रात्री मी ठरवले, की तारा दोन हव्यात. एक तुटली तर दुसरी आहेच!

शनिवारी शाळा सुटल्यावर स्टुलावर चढून मी दुसरी तार ओढली. दोन्हीकडच्या डब्यांत (त्यांना स्विच म्हणतात, आम्ही जुन्या सवयीने हबच म्हणतो) तिची टोके खोचली आणि विजयी मुद्रेने खाली उतरलो. क्षणार्धात हबांवरचे सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकू लागले आणि एकही संगणक चालेना.

"सर, दिवाळी आधीच आली की!" शिपाई म्हणाला.

माझा एक जुना विद्यार्थी याच धंद्यात आहे. त्याने हसत हसत दुसरी तार उपटली आणि मला समजावले. काही निरोप सर्वांसाठी असतात. असा निरोप आला की हब तो बाकीच्या सगळ्या तारांवर धाडतो. तारा दोन झाल्या की त्यांचे कडे होते. निरोप फिरून परत येतो, पुन्हा जातो, आणि खऱ्या कामाला वाटच उरत नाही. यावर १९८५ मध्ये रॅडिया पर्लमन या अमेरिकन बाईंनी तोड काढली. तिचे नाव स्पॅनिंग ट्री. हब आपसांत ठरवतात, एक वाट चालू, दुसरी बंद. पण बंद वाट झोपत नाही. मुख्य हबाकडून दर दोन सेकंदांनी येणारी खूण ती ऐकत राहते. खूण थांबली की ती उघडते. आमच्या स्वस्तातल्या हबांना ही विद्या अवगत नव्हती.

ती येणारे नवे आणले, आणि मी सर्वांदेखत पहिली तार उपटली. सुमारे तीस सेकंद सगळे गप्प. मग संगणक पुन्हा चालू झाले.

त्या अर्ध्या मिनिटात मला आत्या आठवली.

ती आमच्याकडेच असे. चुलीपाशी आई, आणि आत्या माजघरात भिंतीला टेकून. 'ही नुसती बसून असते,' असे मी एकदा तिच्यादेखत बोललोही होतो. एका चुलीवर दोघींनी हुकूम चालवला असता तर काय झाले असते, हे कळायचे ते वय नव्हते. पहाटे आईच्या बांगड्या वाजल्या की आत्या कूस बदलून पडून राही. एका पहाटे त्या वाजल्या नाहीत. आईला विषमज्वर झाला होता. आम्ही उठलो तेव्हा चूल पेटलेली होती आणि आत्या पदर खोचून भाकऱ्या थापीत होती. आई हिंडूफिरू लागली, तशी ती मुकाट्याने माजघरात जाऊन बसली.

आत्याला जाऊन बरीच वर्षे झाली. माझे ते बोलणे मागे घ्यायचे राहूनच गेले.

परवा एका मुलाने व्हरांड्यात विचारले, "सर, ही तार कशाला? हिच्यावरून तर काहीच जात नाही."

मी म्हटले, "ती ऐकते आहे, बाळ."