पत्रीतली औषधं

भाद्रपद तोंडावर आलाय. पेणच्या कारखान्यांतून मूर्ती गाड्यांवर चढताहेत आणि बाजारात ठाकूर-कातकरी बायका पत्री घेऊन बसल्यात. आघाडा, माका, डोरली, मरवा, अर्जुन. गणपतीची एकवीस पत्री म्हणजे औषधी झाडांची यादीच! आपण ती वाहतो आणि विसर्जनाबरोबर सोडून देतो, याचं मला नेहमी वाईट वाटतं. यंदा माका कुंडीत लावलाय. ओल मिळाली की तो मागे हटत नाही.

कुंपणाला अडुळसा आहे. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, फांदी खोचली की रुजते, खोकल्याच्या दिवसांत पानं हाताशी. कोरफड मात्र वळचणीखाली ठेवावी लागते. रायगडचा पाऊस तिला कुजवतो.

माझा खरा जीव गुळवेलीत. रोह्याच्या आत्याकडून कांडं आणलं, कडुनिंबावर चढवलं. निंबावरची गुळवेल उत्तम मानतात. वेल खालून तोडली तरी वरून सुतळीसारखी मुळं लोंबत येतात आणि माती गाठतात. केवढी ही जगण्याची चिकाटी!

पण हुबेहूब दिसणारी दुसरी वेलही असते. आयुष मंत्रालयाने 2022 मध्ये तसा इशारा दिला होता. खऱ्या गुळवेलीचं खोड हिरवट असतं, त्यावर गाठी नसतात, दुधासारखा चीक येत नाही. तेव्हा कांडं लावण्याआधी खोड नीट बघा, आणि यकृताचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढा घेऊ नका.