भिश्तीचे प्रकरण

एकोडीला पाऊस लागला की आमच्या घरात माणसांपेक्षा इतर जीवच जास्त होतात. धानाच्या बांध्या भरतात, बेडूक न्हाणीत येऊन बसतात, दिव्याभोवती पंख फुटलेल्या उधईचा नुसता खच पडतो. अशाच एका रात्री इंग्रजी शिकवणाऱ्या धाकट्या भावाने मोबाईलवर एक जुनी किताब उघडली आणि अब्बांना मराठीतून सांगू लागला. आम्ही सगळी भावंडे भोवती बसलो.

लेखक एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. गोरा, पण जन्म साताऱ्याचा, १८५१चा. पुण्यात डेक्कन कॉलेजात काही वर्षे लॅटिन शिकवून मग जकात आणि मिठाच्या खात्यात गेला. १८८३ साली त्याचे ‘द ट्राइब्स ऑन माय फ्रंटियर’ आले. सरकार तेव्हा सरहद्दीवरच्या टोळ्यांशी लढत होते. हा म्हणतो, माझी सरहद्द म्हणजे माझ्याच बंगल्याचा उंबरठा, आणि टोळ्या म्हणजे उंदीर, मुंग्या, पाली, बेडूक, कावळे! त्याच वर्षी मुंबईत आठ जणांनी निसर्ग अभ्यासाची संस्था काढली, ती आजची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. त्या आठांत हा होता आणि आपले डॉ. आत्माराम पांडुरंगही होते. पुढे डासाच्या एका जातीला याचे नाव मिळाले. डासाला नाव मिळावे म्हणून कोणी जन्म घालवील काय, असे अम्मीने विचारले. अब्बा मात्र बेडकांच्या गमतीवर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

मग भावाने १८८९चे ‘बिहाइंड द बंगलो’ काढले. लेखणी तीच, थट्टाही तीच, फक्त आता किड्यांच्या जागी नोकर. बटलर, घोडेवाला, हमाल, धोबी, आया, माळी. आणि भिश्ती.

भाऊ तिथे अडखळला. आमचे दादा भिश्ती होते. मशक वाहून त्यांचा एक खांदा कायमचा खाली आला होता. ती चामड्याची मशक दादांच्या मागेही किती तरी वर्षे आमच्या पडवीत खुंटीला होती, आणि अब्बा तिला कोणाला हात लावू देत नसत.

एटकेनच्या लिहिण्यात माया नव्हती असे आम्ही म्हणणार नाही. त्याने बारकाईने पाहिले, मुंगीला पाहिले तसेच. पण मुंगीला आपली थट्टा कळत नाही. दादांना कळली असती.

“रुक काहेको गया? पढ ना,” अब्बा म्हणाले.

त्याने वाचले. अब्बा मान खाली घालून ऐकत राहिले. संपल्यावर विचारले, “उसका नाम लिखा है?”

भावाने मथळे पुन्हा पाहिले. स्वयंपाक्याला नाव आहे, डोमिंगो. शिंप्यालाही आहे, हरी. भिश्तीच्या मथळ्यात नुसता धंदा.

“नाही, अब्बा. ऊपर तो नहीं है.”

अब्बांनी पडवीतल्या रिकाम्या खुंटीकडे पाहिले. बराच वेळ कोणी बोलले नाही. बाहेर बांधीत बेडकांचा गलका चालला होता.

“ठीक है,” ते म्हणाले. “अब वो मेंडकवाला फिरसे पढ.”