राजा गेला, मिरवणूक राहिली

व्हिएंतियानहून लुआंग प्रबांगला जायचं तर पूर्वी घाटातल्या वळणांवर अख्खा दिवस मोडायचा. डिसेंबर २०२१ मध्ये चीनच्या पैशांवर रेल्वे आली. आता बोगद्यामागून बोगदा मागे टाकत गाडी दोन तासांत पोचवते. एप्रिलच्या मध्याला मात्र तिकीट मिळेल तर शपथ! सूर्य मेष राशीत शिरला की लाओ लोकांचं नववर्ष, पी माय, सुरू होतं आणि सारा देश आपापल्या गावी निघतो.

मेकाँग आणि नाम खान यांच्या संगमावरचं हे गाव. पलीकडच्या वाळवंटात माणसं वाळूचे स्तूप रचत होती. वर कागदी पताका, फुलं, पिठाच्या रेघा. वर्षभरात विहारातून पायांना लागून जी वाळू बाहेर गेली, तिची परतफेड म्हणून विहारांच्या अंगणातही असे स्तूप उभारतात. पुण्याचा इतका चोख हिशेब मला फार आवडला.

गावाला नाव मिळालं ते फ्रा बांग या जेमतेम ८३ सेंटिमीटर उंचीच्या उभ्या बुद्धमूर्तीवरून. अंगकोरच्या ख्मेर दरबारात वाढलेल्या फा न्गुमने १३५३ साली लान सांग, म्हणजे दहा लाख हत्तींचं राज्य, स्थापलं. मूर्ती त्याच काळात ख्मेर देशातून आली, असं परंपरा सांगते. पुढे १५६० साली राजा सेट्ठाथिराटने राजधानी व्हिएंतियानला हलवली. सयामी फौजांनी दोनदा लाओस लुटला आणि दोन्ही वेळा ही मूर्ती बँकॉकला नेली. तिच्यामुळे अरिष्टं येतात अशी तिथे कुजबुज झाली, म्हणून दोन्ही वेळा ती परत पाठवली. १८६७ पासून ती इथे आहे.

राजवाड्याचं आता संग्रहालय झालंय. डिसेंबर १९७५ मध्ये राजेशाही संपली. शेवटचे राजे सावांग वत्थना यांना १९७७ साली ईशान्येच्या छावणीत नेलं, ते परतले नाहीत. पण मूर्तीची मिरवणूक थांबलेली नाही. वाड्याच्या आवारातून तिला पालखीत घालून शेजारच्या वाट माय या विहारात नेतात. राजाच्या जागी आता सरकारी अधिकारी उभे राहतात. नंतर नागाच्या आकाराच्या लाकडी पन्हळीतून लोक सुगंधी पाणी ओततात, ते मूर्तीवर पडतं. रांगेत पोरंटोरं, म्हाताऱ्या आणि गणवेशातले पोलीसही.

मिरवणुकीत सगळ्यांत भाव खाऊन जातात पू न्यू आणि न्या न्यू. हे आजा-आजी लाल मुखवट्यांचे, जमिनीपर्यंत जटा सोडलेले. आभाळ झाकणारा एक अजस्र वेल या जोडप्याने तोडला आणि त्याच्याखाली दोघंही चिरडली गेली, अशी कथा. बुद्धधर्माच्या आधीचे हे रखवालदार बुद्धाच्याच मिरवणुकीत नाचतात आणि कुणाला त्यात विसंगती वाटत नाही. राजेशाही संपवणाऱ्या क्रांतीनंतर भूतप्रेतपूजेला अंधश्रद्धा ठरवणाऱ्या सरकारलाही यांना घरी बसवता आलं नाही.

मी उतरले होते त्या घरी बासी नावाचा विधी होता. केळीच्या पानांचा, झेंडूने सजवलेला मनोरा मध्यभागी. भोवती उकडलेली अंडी, गोडधोड, भाताची दारू. माणसाच्या देहात ३२ ख्वान, म्हणजे जीवतत्त्वं, असतात. प्रवासात, आजारात, घाबरल्यावर ती भरकटतात. जाणत्या म्हाताऱ्याने त्यांना आर्जवाने परत बोलावलं. मग एकेकाने पुटपुटत माझ्या मनगटावर पांढरा दोरा बांधला. तो निदान तीन दिवस ठेवायचा आणि कापायचा नाही, गाठ सोडायची. घरचा जावई दोऱ्यांची लड घेऊन पुढेपुढे करत होता. इथे लग्नानंतर बहुधा नवराच बायकोच्या घरी राहायला येतो. धाकटी मुलगी आईबापांना सांभाळते आणि घर तिला मिळतं. आमच्याकडे घर मुलाकडे जातं हे सांगितल्यावर मालकीण हसली. तिचे दोघे भाऊ आईच्या हातांवर पाणी घालून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायला आले होते.

पहाटेच्या भिक्षाफेरीचा मात्र हमरस्त्यावर तमाशा झालाय. भिक्खूंच्या तोंडासमोर फोन धरणारे पर्यटक पाहून मी दुसऱ्या दिवशी तिकडे फिरकले नाही. मालकीण आपल्याच गल्लीत, खांद्यावरून उपरणं घेऊन, गुडघ्यांवर बसली होती. बांबूच्या डब्यातून चिकट भाताचा एकेक गोळा प्रत्येक पात्रात. कोपऱ्यावर काही गरीब मुलं रिकाम्या टोपल्या घेऊन बसली होती. भिक्खू त्यांच्यापाशी वाकले आणि मिळालेल्यातला मूठमूठ भात टोपल्यांत टाकून पुढे गेले.